सरकारवाडा : कचेऱ्यांनी जगवलेला राजवाडा

महाराष्ट्रातल्या बऱ्याच संग्रहालयांमागे एखाद्या माणसाचे वेड असते. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या परिसरात सापडणाऱ्या मातीच्या बाहुल्या, मणी, हस्तिदंती वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या. पैठणला बाळासाहेब पाटलांनी तेच केले. पुण्यात दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये असा अफाट संसार मांडला. या तिन्ही ठिकाणी वस्तू आधी आल्या, छप्पर मागाहून मिळाले. नाशिकच्या सराफ बाजारातल्या सरकारवाड्याचे गणित नेमके उलटे आहे. छप्पर पेशवाईपासूनचे, संग्रहालय म्हणून त्याची ओळख त्या मानाने कालपरवाची. तिथे मांडलेल्या वस्तूंचा इतिहास सांगायचा तर दोन पानांत आटोपेल. वास्तूचा सांगायचा तर नाशिकची अडीचेक शतके सोबत घ्यावी लागतात. या स्मरणिकेसाठी मी दुसरा रस्ता धरला आहे.

आणि तो धरण्यामागे एक मत आहे, ते आधीच सांगून टाकतो. सरकारवाडा इतिहासप्रेमाने वाचलेला नाही. तो वापराने वाचला. पेशवे गेल्यावर त्यात एकामागून एक कुणी ना कुणी काम करत राहिले, रोज सकाळी दार उघडत राहिले, केर काढत राहिले, गळणारे कौल बदलत राहिले. ज्या वाड्यांना हे भाग्य लाभले नाही त्यांची नुसती नावे उरली.

वाडा उभा आहे ती जागा नाशिककराला सांगायला नको. गोदावरीपासून हाकेच्या अंतरावर, सोन्याचांदीच्या आणि भांड्यांच्या पेठेला लागून, दहीपुलाकडून येणाऱ्या रस्त्याच्या काठी. शेजारून, आज बराचसा झाकला गेलेला, सरस्वती नाला गंगेकडे जातो. (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, 'गंगेवर जाऊन येतो' म्हटले की कुठे, असे कुणी विचारत नाही.) पावसाळ्यात वर गंगापूर धरणातून पाणी सुटले आणि नदी चढली की नाल्याचे पाणी उलटे फिरते आणि पेठेत शिरते. १९६९ चा पूर, २००८ चा पूर, नंतर २०१६ आणि २०१९ चे पूर, प्रत्येक वेळी सराफांनी तिजोऱ्या आणि हिशेबाच्या वह्या माडीवर चढवल्या. पुराची उंची मोजायला गावाने आपली मापे ठरवून ठेवली आहेत. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले, छातीला लागले, नारोशंकराच्या देवळापाशी आले, आणि मग, सरकारवाड्याच्या पायऱ्यांना लागले. ही शेवटची बातमी आली की पेठेतला माणूस समजतो, आता गंमत बघण्याची वेळ संपली.

पायऱ्या एवढ्या उंच आणि जोते एवढे भक्कम का, याचे उत्तरही बहुधा याच पाण्यात आहे. बांधणाऱ्यांना नदी ठाऊक होती.

पेशव्यांना नाशिकचे आकर्षण का वाटले हे समजून घेतल्याशिवाय हा वाडा नीट कळत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे गाव मोगली दप्तरात गुलशनाबाद होते. १७५१ च्या सुमारास मराठ्यांच्या अमलाखाली ते पुन्हा नाशिक झाले आणि त्याच्या आगेमागे पन्नासेक वर्षे इथे नुसती बांधकामे चालली. नारोशंकर राजेबहाद्दरांचे रामेश्वराचे देऊळ १७४७ चे. त्याच्या दर्शनी भागात टांगलेली घंटा वसईच्या मोहिमेतली, पोर्तुगीज ओतकामाची. गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी १७५६ मध्ये सुंदरनारायण उभारले. त्र्यंबकेश्वराचे आजचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी काढले. ते पुरे व्हायला तीस वर्षे लागली. पंचवटीत रंगराव ओढेकरांनी काळारामाचे काम काढले. ते बारा वर्षे चालले आणि त्याला तेवीस लाख रुपये लागल्याचे सांगतात. एवढ्या कामांसाठी पाथरवट, सुतार, गवंडी, चुना मळणारे, बैलगाडीवाले यांची पिढीच्या पिढी गावात स्थिरावली असणार. देवळे बांधणारे हे हातच वाडेही बांधत होते. काळारामाचा आणि सुंदरनारायणाचा दगड बघून मग सरकारवाड्याच्या जोत्याकडे पाहिले की घडाईतले नाते लपत नाही.

देवळांबरोबर माणसेही आली. पानिपतानंतर नानासाहेब गेले, विश्वासराव आधीच रणात पडले होते, आणि पुढे मुलाशी, थोरल्या माधवरावांशी, बिनसल्यावर नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई पुणे सोडून नाशिकजवळ गंगापूरला येऊन राहिल्या. ज्या बाईने पुण्याच्या वाड्यात सत्ता गाजवली तिने अखेरची वर्षे गोदावरीकाठी व्रतवैकल्यांत काढली. पण राजकारण सुटले असे म्हणवत नाही. नातवाने, सवाई माधवरावाने, कसे वागावे, सकाळी उठल्यापासून काय करावे, याचा उपदेश त्यांनी पत्राने पुण्याला धाडला. त्या १७८८ मध्ये वारल्या. त्यांचे वैरी ठरलेले दीर रघुनाथराव, तेही याच नदीचे. चावंडस गावाचे आनंदवल्ली हे नाव त्यांनी पत्नी आनंदीबाईंवरून ठेवले आणि तिथे वाडा बांधला. पुढे रघुनाथरावांचे कुटुंब नाना फडणिसांच्या नजरकैदेत आधी कोपरगावी आणि मग याच आनंदवल्लीला होते. आनंदीबाई १७९४ मध्ये तिथेच गेल्या आणि मुलांना जुन्नरकडे हलवण्यात आले. त्यांतला थोरला पुढे दुसरा बाजीराव झाला. म्हणजे शेवटच्या पेशव्याच्या पोरवयाचा काही काळ नाशिकच्या वेशीवर गेला आहे.

गंमत अशी, की पेशवे घराण्यातली माणसे जिथे खरोखर राहिली, रडली, रुसली, ते गंगापूरचे आणि आनंदवल्लीचे वाडे आज शोधत जावे लागतात. शहराच्या मध्यावरचा, भर पेठेतला वाडा मात्र टिकला.

१८८३ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरात नाशिकच्या इमारतींची नोंद आहे, तिथे सरकारवाडा पेशव्यांचा नवा राजवाडा म्हणून येतो. राजवाडा म्हटल्यावर कोल्हापूरचा नवा राजवाडा किंवा बडोद्याचा लक्ष्मीविलास डोळ्यांपुढे येत असेल, तर तो विचार सोडावा. ते एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज वास्तुरचनाकारांच्या कल्पनेतले महाल. पेशवाई वाड्याचा थाट निराळा. बाहेरून तो जवळजवळ मुका असतो: खाली काळ्या दगडाचे जोते, वर सपाट भिंती, एक मोठा दरवाजा, त्यातच दिंडी. वैभव सगळे आत. देवडी ओलांडून चौकात आले की उजेड अंगावर पडतो. चारी बाजूंना सोपे, त्यांना सागवानी खांब, बुंध्याशी फुगीर आणि वर निमुळते होत जाणारे, सुरूच्या झाडासारखे. दोन खांबांमध्ये लाकडी महिरप, महिरपीच्या टोकाला केळफूल. वर तुळया, तुळयांवर कडीपाट. मोजमाप फुटांत नव्हे, खणांत. किती खणी दिवाणखाना आणि किती चौकी वाडा, यावर घराची ऐपत कळे. सरकारवाडा या कुळातला आहे. त्याच्या दर्शनी पायऱ्या चढून आत गेल्यावर पेठेचा गलका जसा मागे पडतो, ते मुद्दाम अनुभवण्यासारखे आहे.

पेशवाई बुडाली तेव्हा नाशकात लढाई अशी झालीच नाही. १८१८ च्या एप्रिलमध्ये इंग्रजी फौज चांदवडकडून उतरली, नाशिक हाती आले, आणि पाठोपाठ त्र्यंबकचा किल्ला. आपल्याकडे या घटनेची आठवण काढताना लोक हिऱ्यावर थांबतात. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी जोडला गेलेला, जगात 'नाशिकचा हिरा' म्हणून ओळखला जाणारा तो खडा बाजीरावाकडून इंग्रजांनी घेतला, लंडनच्या जवाहिऱ्यांना विकला. त्याला नव्याने पैलू पाडले गेले, तो लिलावांतून फिरला, एका उमरावाच्या तलवारीच्या मुठीत बसला, विसाव्या शतकात पॅरिस-न्यूयॉर्कच्या पेढ्यांवर गेला. मुळात नव्वदीच्या आसपास कॅरट असलेला हिरा आज त्रेचाळीस कॅरटांवर आला आहे. हिरा परत आणा, अशी मागणी अधूनमधून होते. व्हावी. पण त्याच वर्षी त्याच सरकारच्या हाती एक आख्खा वाडा गेला होता, तो मात्र इथेच राहिला, आणि त्याच्यासाठी मागणी करणारे तेवढे नव्हते. जे नेता येते त्याची हळहळ मोठी असते.

नव्या सरकारने वाड्याचे काय करायचे हा प्रश्न फार वेळ ताणला नसावा. महसूल गोळा करायला जागा हवी, न्यायनिवाड्याला हवी, शिपाई ठेवायला हवी. आणि बाजारपेठेत, रयतेच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, दगडी जोत्यावरची भक्कम इमारत आयती होती. मामलेदार कचेरी आली, पोलीस आले. शनिवारवाड्याची गत काय झाली ते आठवले म्हणजे याचे मोल कळते. १७३० मध्ये पाया घातलेला तो वाडा १८२८ च्या फेब्रुवारीत पेटला. तट आणि कारंज्यांचे सांगाडे तेवढे उरले. शुक्रवारवाडा त्याही आधी जळाला. १८७९ च्या मे महिन्यात लावलेल्या आगीत बुधवारवाडा बेचिराख झाला. विश्रामबागवाडा मात्र आहे. का आहे? १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, पुढे शाळा-कॉलेजे नांदली, १८७९ च्याच आगीत त्याचा काही भाग जळाला तेव्हा लोकवर्गणीने तो पुन्हा उभारला, नंतर पालिकेची कचेरी आली. वापरात असलेल्या घराला आग लागली तर विझवायला माणसे असतात, आणि जळालेला भाग पुन्हा बांधायला कारणही असते. आपल्याकडे 'वास्तूत कचेरी घालणे' हा जवळजवळ शिवीचा विषय झाला आहे. खिळे ठोकलेले खांब, तैलरंग फासलेल्या महिरपी, चौकात टाकलेला पत्रा, हे सगळे मीही पाहिले आहे आणि चिडलो आहे. तरी हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजूंनी मांडावा.

कचेऱ्यांच्या या गर्दीत वाड्याला एक अनपेक्षित भाडेकरू लाभला. १८४० मध्ये नाशकात इंग्रज अंमलदार आणि गावातली शिकलेली मंडळी यांनी मिळून वाचनालय काढले. आजचे 'सावाना', सार्वजनिक वाचनालय, ते हेच. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. त्याचा बराच काळचा संसार सरकारवाड्यात होता. १८४० म्हणजे काय, तर पेशवाई जाऊन उणीपुरी बावीस वर्षे झालेली. ज्यांनी पेशव्यांचे शिपाई वाड्याच्या देवडीवर पाहिले होते असे म्हातारे त्याच पायऱ्या चढून छापील वर्तमानपत्र ऐकायला येत असतील. ऐकायला म्हणतो, कारण त्या काळी वाचणारा एक आणि ऐकणारे दहा, हीच रीत होती.

पुढे न्यायखात्याच्या बदल्यांनी नाशिकला काही असामान्य माणसे आणून दिली. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख इथे न्यायाधीश होते. १८७८ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्याहून बदलून आले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत नाशिकच्या दिवसांचे सुरेख वर्णन केले आहे. देशमुखांच्या घरच्या बायकांचा आणि त्यांचा घरोबा, मुलींच्या शाळेसाठी चाललेली खटपट, पहिल्यांदा चारचौघींत बोलण्याची धास्ती. ग्रंथांची चाड असलेली अशी मंडळी ज्या गावात वावरत होती, त्या गावच्या वाचनालयाला ओहोटी लागली नाही यात नवल नाही. एकाच वाड्यात एका दालनात सारा भरायला आलेला कुणबी आणि दुसऱ्या दालनात पुस्तक बदलायला आलेला विद्यार्थी, हे दृश्य पेशव्यांच्या वास्तूत कितीतरी वर्षे चालले. संग्रहालयात पुढेमागे कधी वाड्याची स्वतःची कथा मांडली गेली, तर माझ्या मते मध्यभागी तलवार नको, वाचनालयाची एक जुनी नोंदवही हवी.

वाचनालय पुढे टिळक पथावर स्वतःच्या वास्तूत गेले. कुसुमाग्रजांनी त्याचे अध्यक्षपद भूषवले. तिथे नाट्यगृह झाले, स्वतःचे छोटे वस्तुसंग्रहालयही झाले. १८६९ मध्ये नाशिक स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून सरकारी खात्यांचा पसारा वाढतच गेला होता. त्यांनाही नव्या, ऐसपैस इमारती मिळत गेल्या. पोलीस ठाणेही हलले. मात्र जाताना नाव बरोबर घेऊन गेले. आजही नाशकातल्या बातम्यांत 'सरकारवाडा पोलीस ठाण्याच्या हद्दीत' असे रोज वाचायला मिळते आणि नव्याने राहायला आलेल्या माणसाला वाटते, सरकारवाडा म्हणजे ठाण्याचेच नाव. चोरीची फिर्याद नोंदवायला गेलेल्या किती जणांना पेशव्यांची आठवण होत असेल कोण जाणे.

मग आला वाड्याच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा काळ. राजे गेले तेव्हा तो वाचला. बाबू गेले तेव्हा मात्र त्याची खरी परीक्षा झाली. राज्याने १९६० च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली आपल्या वास्तूंना संरक्षण द्यायला सुरुवात केली आणि सरकारवाडा राज्य संरक्षित स्मारक झाला. पुरातत्त्व विभागाकडे त्याचा ताबा आला. कागदावरचे संरक्षण आणि भिंतीतली ओल यांची मात्र ओळख व्हायला वेळ लागतो. रिकाम्या वाड्याला काय होते ते ज्याने आपले गावचे घर बंद ठेवले आहे त्याला विचारावे. पहिल्या दोन पावसांत कौले सरकतात. पाणी कडीपाटावर मुरते. तुळईचे टोक भिंतीत गाडलेले असते. वरून सगळे धडधाकट दिसते आणि आतले टोक कुजलेले. चौकातली मोरी तुंबली की जोत्याला खालून पाणी लागते. आणि हा वाडा तर नदीकाठचा. पूर ओसरल्यावरही दगडांच्या मागची माती महिनोन्महिने ओली राहते, ते पाणी भिंतीतून वर चढते, गिलावा फुगवते.

अशा भिंतीला सिमेंट लावणे म्हणजे आजार आत कोंडणे. चुन्याची भिंत श्वास घेते: ओल आत गेली तर उन्हाळ्यात बाहेरही पडते. सिमेंटचा थर बाहेरून घट्ट बसला की पाण्याला वाट उरत नाही. ते आतल्या चुन्याचा आणि विटांचा भुगा करते आणि काही वर्षांनी थरासकट पापुद्रा सुटतो. म्हणून जुन्या वास्तूची दुरुस्ती करायची तर घाणीत मळलेला चुना हवा, त्यात गूळपाणी, बेलफळाचा गर यांसारखी जुनी मिश्रणे हवीत, मुरवायला दिवस हवेत, आणि हे जाणणारा गवंडी हवा. तो मिळणे हेच सर्वांत अवघड. सागाचा तसाच जुना, पक्का वासा मिळवणे त्याखालोखाल. सरकारी निविदेत सर्वांत कमी दर भरणारा ठेकेदार आणि महिनाभर चुना मुरवणारा कारागीर एकाच माणसात सापडत नाही, हे दुखणे काही एकट्या सरकारवाड्याचे नाही. तरीही गेल्या काही दशकांत टप्प्याटप्प्याने काम होत गेले. कामे रेंगाळली, लोक कुरकुरले, वृत्तपत्रांनी टीका केली, आणि टीका रास्तच होती. पण कुजलेल्या लाकडाच्या जागी लाकूडच आले, आणि चौक पुन्हा चौकासारखा दिसू लागला, हेही त्याच दमात लिहायला हवे.

आज वाड्यात पुरातत्त्व विभागाचे विभागीय कार्यालय आणि प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या संग्रहालयांच्या यादीत नाशिकचे नाव कोल्हापूर, औंध, तेर, पैठण, सिंदखेडराजा, माहूर यांच्या बरोबरीने येते. वारसा सप्ताहात प्रदर्शने भरतात, शाळांच्या सहली येतात.

परदेशात राजवाड्यांची आणि सरदारी गढ्यांची संग्रहालये होण्याची वाट निराळी असते, तिची तुलना इथे उपयोगी पडेल. डेन्मार्कमध्ये जटलंडच्या पूर्व भागात गामेल एस्त्रुप नावाची गढी आहे. चौदाव्या शतकापासून ती ब्रोक आणि स्केल या दोन घराण्यांत वारशाने आणि लग्नसंबंधाने चालत आली; बाहेरच्या कुणाला विकली गेली नाही. १९१९ च्या कायद्याने तिथल्या अविभाज्य जहागिरी मोडल्या आणि असल्या मोठ्या घरांचा खर्च पेलेनासा झाला. शेवटचा काउंट १९२६ मध्ये गेला. १९३० मध्ये तिथे संग्रहालय सुरू झाले. त्यासाठी पुढाकार घेणारा त्या काउंटचा जावई. घरातले बरेचसे सामान तोवर विकले गेले होते. खुर्च्या, पडदे, तसबिरी हुडकून परत आणण्यात संग्रहालयाची पुढची वर्षे गेली. म्हणजे तिथे घर होते, घराणे होते, घराण्याची चित्रे होती. गेलेल्या वस्तू तेवढ्या परत मागवायच्या होत्या. आज तिथे कोणत्या पिढीत कोण कुठल्या दालनात झोपत होते ते सांगता येते.

सरकारवाड्याला असे घराणे नाही. पेशवे बिठूरला गेले आणि त्यांच्या मागे इथे कुणी जावई उरला नाही.   

तर घराणे नाही, मूळचे सामान नाही, दालनांची नावेही कचेऱ्यांनी पुसलेली. अशा वाड्यात काय मांडायचे? माझ्या दृष्टीने हा प्रश्नच या संस्थेच्या पुढच्या इतिहासाचा विषय आहे. सोपे उत्तर म्हणजे ढाल-तलवारी, दोन तोफा आणि एक पेशवाई दिवाणखाना, तक्क्यालोडांसकट. असे दिवाणखाने महाराष्ट्रात पुष्कळ झाले आहेत आणि सगळे एकसारखे दिसतात.

नाशिककडे याहून दुर्मीळ माल आहे, फक्त तो गावात नाही. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावात एक ठेव सापडली: १३,२५० चांदीची नाणी, सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, लेख आहे. त्यात आपल्या मुलाने क्षहरातांचे निर्मूलन केल्याचे ती सांगते. राजमातेने मुलाची केलेली स्तुती म्हणून ते कुणी सोडून दिले असते. जोगलटेंभीच्या ठेवीने तसे होऊ दिले नाही. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याने ठोसलेला शिक्का हजारोंनी हाती आला. इतिहासाच्या पुस्तकात पुरावा म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगले उदाहरण देशात फार नसेल, आणि त्याचे दोन्ही भाग, लेख आणि नाणी, नाशिकचे. लेख डोंगरात जागेवर आहे. नाणी मात्र ठिकठिकाणच्या संग्रहांत पांगली.

दुसरे, मातीची गढी. सरकारवाड्यापासून चालत जावे एवढ्या अंतरावर, गोदावरीच्या काठाला दर पावसाळ्यात ढासळणारी ही टेकडी. डॉ. हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन केले. त्याच मोसमात संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावीही केले, ज्या गावाचे नाव पुढे एका अख्ख्या ताम्रपाषाण संस्कृतीला मिळाले. दोन्हींचा अहवाल १९५५ मध्ये निघाला. नाशिक हे देवळांचे गाव आहे त्याहून कितीतरी आधीपासून भांडी घडवणाऱ्यांचे, धान्य साठवणाऱ्यांचे गाव आहे, हे त्या उत्खननाने खापरांवरून दाखवले. गढीवर घरे आहेत, कडा कोसळतो आहे. जे तिथून वाहून गेले ते गेले. सापडले त्याची ओळख गावच्या मुलांना व्हायला मात्र हरकत नाही.

अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. नाशिकपासून अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. नाण्यांचे तिथले जाणकार आणि सरकारवाड्याचे रिकामे खण यांची गाठ पडायला हवी. जोगलटेंभीची वीस-पंचवीस नाणी मुदतीच्या उसनवारीवर आणता येतील. संग्रहालयांत अशी देवघेव नेहमी चालते. सोबत बलश्रीच्या लेखाचा ठसा भिंतीवर, सांकलियांच्या उत्खननातल्या थरांचे रेखाटन, आणि वाचनालयाने मनावर घेतले तर त्याच्या जुन्या दप्तरातली चार पाने. याला मोठा निधी लागत नाही. पत्रव्यवहार, सुरक्षेची व्यवस्था, हवा कोरडी ठेवणाऱ्या दोन कपाटांची सोय आणि एक चिकाटीचा अभिरक्षक एवढे लागते. दालन मात्र वरच्या मजल्यावरचे असावे.